एकच इलेक्ट्रिक गिटार, अनेक प्रकारचं संगीत: निवड कशी करायची?

कॉलेजच्या गॅदरिंगला हिंदी रॉक, गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर जुनी-नवी फिल्मी गाणी, घरी हेडफोन लावून मेटल आणि रविवारी निवांत ब्लूज. आवडी चार, पण खिशात पैसे एकाच गिटारचे. मग प्रश्न पडतो की हे सगळं बऱ्यापैकी जमवून देणारी एखादी इलेक्ट्रिक गिटार असते का?

असते. फक्त ती ओळखता यायला हवी. मोबाईल घेताना आपण रंग बघून लगेच पैसे देत नाही. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, बॅटरी सगळं तपासतो. गिटार घेताना मात्र बरेच जण ब्रँड, रंग आणि किंमत या तीनच गोष्टींवर निर्णय घेतात. प्रत्यक्षात एक गिटार किती प्रकारचं संगीत वाजवू शकेल हे तिचे पिकअप, पिकअप बदलायचा स्विच आणि ब्रिज या तीन भागांवर जास्त ठरतं. या लेखात आपण हे तीन भाग नीट समजून घेऊ आणि मग बजेट, मोबाईलवरचा सराव आणि दुकानातली तपासणी याकडे वळू.

घाईत असाल तर थोडक्यात उत्तर

- पिकअप: एचएसएस, म्हणजे ब्रिजजवळ एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल
- स्विच: ५ पोझिशनचा, सोबत कॉइल स्प्लिट असेल तर उत्तम
- ब्रिज: फिक्स्ड किंवा साधा ट्रेमोलो. पहिल्या गिटारला फ्लॉइड रोझ नको
- फ्रेट: २१ किंवा २२ पुरेसे
- सगळं बजेट गिटारवर संपवू नका. आवाज बाहेर काढायची सोय आणि सेटअप यासाठी पैसे बाजूला ठेवा

आता यामागचं कारण बघू.

गिटारमधून आवाज येतो कसा?

अकूस्टिक गिटारमध्ये लाकडी पोकळ पेटी आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बहुतेक वेळा भरीव असते. तिथे हे काम पिकअप सुरू करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार, तीही हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या वेढ्यांमध्ये छोटासा विद्युतदाब तयार होतो. शाळेत शिकलेलं फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, १८३१ सालचं. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप काही ऐकूच शकत नाही.

म्हणजे पिकअप हा गिटारचा कॅमेरा समजा. समोरचं दृश्य तेच, पण वाइड लेन्सने काढलेला फोटो वेगळा आणि टेलिफोटोने काढलेला वेगळा. तसंच तार तीच, पण कोणता पिकअप ती ऐकतोय आणि कुठून ऐकतोय यावर आवाज बदलतो.

जागेचा परिणाम सहज समजतो. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि तिथे वरचे स्वरांश तुलनेने जास्त पकडले जातात, म्हणून आवाज टोकदार आणि कडक येतो. नेकजवळ तार मोकळेपणी हलते, म्हणून तिथला आवाज गोल आणि मऊ. शंका असेल तर कुठल्याही गिटारवर एकदा ब्रिजच्या अगदी जवळ आणि एकदा नेकजवळ तार छेडून बघा, फरक लगेच कळेल.

सिंगल कॉइल आणि हमबकर

पिकअपचे मुख्य दोन प्रकार आहेत.

सिंगल कॉइलमध्ये नावाप्रमाणे एकच वेटोळं असतं. आवाज स्वच्छ, चमकदार, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. फेंडर कंपनीच्या टेलिकॅस्टर आणि स्ट्रॅटोकॅस्टर या गिटारींमुळे हा आवाज जगभर पोहोचला. टेलिकॅस्टरला हे नाव १९५१ मध्ये मिळालं आणि स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ मध्ये आली. फंक, कंट्री, पॉप, ब्लूज यात हा आवाज खुलतो. अडचण एकच: हे वेटोळं अँटेनासारखंही वागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर यांच्या आसपास स्पीकरमधून सतत गुणगुण किंवा बझ ऐकू येऊ शकतो.

हमबकर हा त्यावरचा उपाय. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो तयार केला आणि १९५७ पासून तो कंपनीच्या गिटारींमध्ये दिसू लागला. युक्ती सुंदर आहे. शेजारी-शेजारी दोन वेटोळी ठेवायची, पण एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलटे आणि चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हीकडे उलटसुलट होऊन एकमेकांना खोडते. तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटा, म्हणजे पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. निकाल असा की गुणगुण कमी आणि आवाज जाड, भरीव, जोरकस. रॉक आणि मेटलमध्ये डिस्टॉर्शन भरपूर असतं आणि डिस्टॉर्शन गुणगुणही मोठी करतं, म्हणून तिथे हमबकर लागतोच असं म्हटलं तरी चालेल.

दोन्हींचा मेळ: एचएसएस

एकाच गिटारमध्ये दोन्ही आवाज हवेत ही गरज जुनीच आहे. एडी व्हॅन हेलन या गिटारवादकाने १९७० च्या दशकात गिब्सनच्या गिटारमधला हमबकर स्ट्रॅटोकॅस्टरच्या आकाराच्या बॉडीत बसवला. त्याला गिब्सनचा जाड आवाज आणि फेंडरसारखी हाताळणी एकत्र हवी होती. १९७८ मध्ये त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि पुढे अशा गिटारींची एक अख्खी जातच तयार झाली, जिला सुपरस्ट्रॅट म्हणतात.

आज दुकानात एचएसएस लिहिलेली गिटार दिसते ती याच विचारातून. एच म्हणजे हमबकर, एस म्हणजे सिंगल कॉइल. ब्रिजकडून नेककडे वाचायचं. काही कंपन्या उलट क्रमाने लिहितात, त्यामुळे फोटो बघून खात्री करा.

५ पोझिशनच्या स्विचवर काय-काय मिळतं ते ब्रिजच्या बाजूने बघू:

- फक्त ब्रिजचा हमबकर: हार्ड रॉक, मेटल, जोरदार सोलो
- ब्रिज आणि मधला एकत्र: फंक, झटकेबाज रिदम
- फक्त मधला: फिल्मी गाण्यांचे साधे स्वच्छ कॉर्ड
- मधला आणि नेकचा एकत्र: काचेसारखा नितळ आवाज, हळुवार गाण्यांना छान
- फक्त नेकचा: ब्लूज. टोनचा नॉब कमी केला तर जॅझच्या जवळ जाणारा मऊ आवाज

गंमत म्हणजे पहिल्या स्ट्रॅटोकॅस्टरवर ३ पोझिशनचाच स्विच होता. वादक तो दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवायचे, कारण दोन पिकअप एकत्र आल्यावरचा आवाज त्यांना आवडायचा. फेंडरने अधिकृतपणे ५ पोझिशनचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. मार्क नॉफ्लरचं वादन ऐकलंत तर या मधल्या पोझिशनची मजा समजेल.

कॉइल स्प्लिट म्हणजे काय?

काही गिटारींवर टोनचा नॉब वर ओढता येतो किंवा छोटा वेगळा स्विच असतो. तो वापरला की हमबकरचं एक वेटोळं बंद होतं आणि तो सिंगल कॉइलसारखा वाजतो. एका पिकअपमध्ये दोन आवाज मिळतात. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्प्लिट केल्यावर आवाज थोडा बारीक आणि कमी होतो, आणि गुणगुण परत येते. खऱ्या सिंगल कॉइलची तंतोतंत नक्कल होत नाही, पण स्टेजवर गाणं बदलताना गिटार बदलावी लागत नाही, हा फायदा मोठा आहे.

ब्रिज: इथे बरेच जण फसतात

ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात ती जागा. प्रकार तीन.

फिक्स्ड ब्रिज हलत नाही. ट्यूनिंग टिकतं, तार बदलणं सोपं.

साध्या ट्रेमोलोला एक दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारांचा सूर एकदम खाली जातो. हलक्या हाताने वापरली तर छान वाटते. नको असेल तर मागच्या स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवता येतो.

फ्लॉइड रोझ प्रकारात तारा दोन्ही टोकांना लॉक होतात आणि ब्रिज स्प्रिंगा व तारांच्या ताणावर तरंगतो. दांडी कितीही हलवा, ट्यूनिंग टिकतं. पण आपल्याला हवे आहेत अनेक प्रकार, आणि तिथेच गाडी अडते. समजा एका गाण्यासाठी जाड ई तार डी वर उतरवायची आहे, म्हणजे ८२.४१ हर्ट्झवरून ७३.४२ हर्ट्झवर. त्या तारेचा ताण कमी झाला की ब्रिज मागे झुकतो आणि बाकीच्या पाचही तारांचे सूर वर सरकतात. पुन्हा सगळं जुळवत बसा. शिवाय स्वस्त गिटारवरच्या नकली फ्लॉइड रोझचं लोखंड मऊ असेल तर त्याच्या कडा लवकर झिजतात आणि ट्यूनिंग टिकायचा मुख्य फायदाच जातो. नवशिक्याला तार बदलायलाही यात जास्त वेळ लागतो. मेटल सोलो हेच ध्येय असेल तरच याचा विचार करा.

हाताला काय जाणवतं?

नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल लेंग्थ म्हणतात. फेंडर पद्धतीच्या गिटारींची ती २५.५ इंच म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते, तर गिब्सन पद्धतीची २४.७५ इंच म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. त्याच तारा, तोच सूर असेल तर लांब स्केलवर ताण जास्त. आवाज घट्ट येतो, पण तार ओढायला जोर लागतो. बोटं छोटी असतील तर दोन्ही प्रकार हातात घेऊन बघा. सुरुवातीला ०.००९ इंचापासून सुरू होणारा तारांचा सेट बोटांना सोपा जातो.

लाकडाबद्दल इंटरनेटवर वाद चालूच असतात. पहिल्या गिटारसाठी त्यात पडू नका. लाकडाच्या नावापेक्षा नेक सरळ आहे का आणि फ्रेटच्या कडा हाताला टोचत नाहीत ना, हे जास्त महत्त्वाचं.

मग टेलिकॅस्टर किंवा लेस पॉल घेऊच नये का?

घ्या, पण आपली आवड ओळखून. दोन हमबकर असलेली लेस पॉल पद्धतीची गिटार रॉक, ब्लूज आणि जॅझला उत्तम, पण फंकसाठी लागणारी चमक तिच्यात कमी. टेलिकॅस्टर साधी आणि टिकाऊ, पण गुणगुण सोबत येते. आणि एक गोष्ट विसरू नका: लेड झेपेलिनचा १९६९ चा पहिला अल्बम ऐकून कुणालाही लेस पॉल वाटेल, पण जिमी पेजने त्यावर मुख्यतः टेलिकॅस्टर वाजवली होती. पिकअप सोय देतो, बाकीचं काम हात आणि ॲम्प करतात.

कुठली मॉडेल बघावीत?

एचएसएस रचनेत यामाहा पॅसिफिका ११२व्ही हे नेहमी सुचवलं जाणारं मॉडेल आहे, कारण त्यात साधा ट्रेमोलो आणि कॉइल स्प्लिट दोन्ही मिळतात. पॅसिफिका ०१२ सुद्धा एचएसएस आहे, पण त्यात स्प्लिट नाही. ११२जे मध्येही नाही. नावातलं एक अक्षर बदललं की फीचर बदलतं, अगदी मोबाईलच्या प्रो आणि लाइट मॉडेलसारखं. फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडमध्ये ॲफिनिटी मालिकेत एचएसएस स्ट्रॅटोकॅस्टर मिळते. नाव काहीही असो, वरची यादी लावून बघा.

ॲम्प की मोबाईल?

मेटलचा आवाज गिटारमध्ये नसतो, तो ॲम्प किंवा इफेक्टमध्ये तयार होतो. पण सुरुवातीला मोठा ॲम्प घ्यायची गरज नाही. मोबाईलवर ॲम्पची नक्कल करणारी ॲप आहेत. आयफोनवर गॅरेजबँडमध्ये ही सोय येते, अँड्रॉइडवरही पर्याय आहेत. फक्त तीन गोष्टी पाळा.

पहिली, गिटार थेट मोबाईलला जोडू नका. गिटारचा जॅक ६.३५ मिलिमीटरचा असतो आणि तिच्या सिग्नलला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. मधे ऑडिओ इंटरफेस हवा, ज्यावर गिटारसाठी हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट असं लिहिलेलं इनपुट असेल. तो यूएसबी सी किंवा ओटीजीने मोबाईलला चालतो का हे आधी विचारा.

दुसरी, लेटन्सी. तार छेडल्यापासून आवाज कानावर पडेपर्यंतचा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर त्रास होत नाही. हवेत ध्वनी १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे स्पीकर तेवढ्या अंतरावर ठेवल्यासारखं. अँड्रॉइड ८.० पासून कमी लेटन्सीसाठी एऑडिओ ही सोय आली, तरी प्रत्येक फोनवर अनुभव वेगळा येतो. आपल्या फोनवर मोफत ॲप टाकून आधी बघा.

तिसरी, ब्लूटूथ हेडफोन नको. त्यात उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. म्हणजे स्पीकर ३४ मीटर दूर, मैदानाच्या पलीकडे. ताल कसा सांभाळणार? वायरवालेच हेडफोन वापरा.

बजेटचं गणित

समजा हातात ३०,००० रुपये आहेत. माझं गणित असं:

- गिटार: १८,००० ते २०,०००
- छोटा ॲम्प किंवा ऑडिओ इंटरफेस: ६,००० ते ७,०००
- केबल, पट्टा, पिक, तारांचा एक जादा सेट, बॅग आणि सेटअप: उरलेले

ट्यूनरवर खर्च नको, मोबाईल ॲप पुरेसं आहे. सेटअप मात्र टाळू नका. जाणकार माणूस नेकमधला ट्रस रॉड, तारांची उंची आणि इंटोनेशन जुळवून देतो. तारा खूप वर असलेली गिटार बोटं सोलते, आणि पहिल्या दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुकानात मोबाईल घेऊनच जा

मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं जुनं दुकान आहे, इतर शहरांतही आता चांगली दुकानं आहेत. शक्य असेल तर हातात घेऊनच खरेदी करा. सेकंड हँड गिटारसाठी तर हे हवंच.

१. ट्यूनर ॲप उघडा. प्रत्येक तार जुळवा. मग १२ व्या फ्रेटवर बोट दाबून वाजवा. सूर तोच, पण एक सप्तक वर यायला हवा. ॲपमध्ये ५ सेंटपेक्षा जास्त फरक दिसला तर इंटोनेशन जुळवावं लागेल. ते ब्रिजवर जुळतं, पण ब्रिजचे स्क्रू गंजलेले नसावेत.

२. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कुठे खरखर किंवा आवाज मेल्यासारखा वाटतो का ते ऐका.

३. टॉर्च लावून नेक एका टोकाकडून बघा. वाकडेपणा आणि फ्रेटवरच्या खाचा दिसतील.

४. स्विचच्या पाचही पोझिशन आणि दोन्ही नॉब फिरवून बघा. कडकड आवाज आला तर आत धूळ किंवा सैल जोड आहे.

५. दोन गिटारींची तुलना करायची असेल तर एकाच ॲम्पवर, एकाच सेटिंगवर, तीच चार कॉर्ड वाजवून रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोनवर ऐका.

व्हिडिओ बघून निवडताय? मग फोनच्या स्पीकरवर विसंबू नका. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा आहे आणि एवढा खर्ज फोनचा छोटासा स्पीकर नीट काढूच शकत नाही.

सुरक्षेची एक गोष्ट

बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवताना तुमचे हात त्या अर्थिंगलाच लागलेले असतात. घरात किंवा मांडवात अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड असेल तर शॉक बसू शकतो. गाताना धोका वाढतो, कारण ओठ माईकला आणि हात तारांना लागतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या लाइनवर असू शकतात. थ्री-पिन प्लगची मोठी पिन कधीही काढू नका. ॲम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच अर्थिंगवाल्या बोर्डवर घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच वाजवणं थांबवा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. तारांना हात लावल्यावर नुसती गुणगुण कमी होत असेल तर ते सामान्य आहे.

नेहमीचे प्रश्न

आधी अकूस्टिक शिकायलाच हवी का? नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि खाली असतात, त्यामुळे बोटांना उलट सोपं जातं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची? कोकण-मुंबईच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि नेक थोडी हलू शकते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा आणि गिटार बॅगेत सिलिका जेलसोबत ठेवा.

२४ फ्रेट जास्त चांगले का? वरच्या टोकाला सोलो वाजवायचे असतील तरच फरक पडतो.

नंतर पिकअप बदलता येतात का? हो. म्हणूनच पैसे कमी असतील तर सरळ नेक, टिकणारं ट्यूनिंग आणि योग्य रचना असलेली गिटार घ्या. पिकअप, तारा, ॲम्प हे सगळं पुढे अपग्रेड करता येतं. वाकडी नेक मात्र अपग्रेड होत नाही.